मल्लू, तू नेमका कुणाचा होतास?

मल्लू,

तू गेल्यावर तुझ्या अंगणात मला जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कधी आला नव्हता. तो अजून उतरलेला नाही. म्हणून लिहायला बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं लिहितात. ते पुढं बघू. आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे.

तुला ओसरीवर ठेवलं होतं आणि अंगणात चार तऱ्हेची माणसं उभी होती. आपले जंगम स्वामी म्हणत होते, लिंगायताच्या पोटी जन्मला, त्याला बसवूनच माती द्यायची. महानुभावांचे दोघं म्हणत होते, त्यानं आमचा उपदेश घेतलाय, आमच्या रीतीनं न्या, बाकी काही करू नका. दत्ताच्या भजनी मंडळानं तर कुणाला न विचारता गाडीभर लाकडं आणून दारात उतरवली होती. आणि तुझा लहानपणचा मित्र हुसेनभाई, आपल्या दुकानातून पांढरं कापड काखेत धरून आलेला, कडुलिंबाखाली उभा होता. तो काही मागत नव्हता, पण जातही नव्हता. शिंपी माणूस, बोलणं आधीच कमी.

सगळे माझ्याकडं बघून एकच विचारत होते. अक्का, तो काय बोलला होता?

काय सांगणार? तू कशाबद्दलही बोलायचास. गुळाच्या भेलीबद्दल, पेंडीबद्दल, आपल्या मुरुम गावच्या बाजारात कुणाचा बैल चांगला निघाला त्याबद्दल. देवाबद्दल तर इतका बोलायचास की समोरचा उठून जाईल. फक्त या एका गोष्टीबद्दल तोंडातून अक्षर काढलं नाहीस. आणि निस्तरायचं सगळं माझ्यावर टाकून ओसरीवर डोळे मिटून पडलास.

आपल्या घराची ती रीतच होती म्हणा. अव्वासमोर कुणी मरणाचा शब्द काढला की ती कानडीत म्हणायची, सुम्मनिरु, गप बस. अप्पा संध्याकाळी दुकान बंद करायचे नाहीत, दुकान वाढवायचे. बांगडी फुटायची नाही, वाढायची. आपल्यात माणूस मरत नाही, लिंगैक्य होतो. मी दवाखान्यात नर्स झाले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माणसं मरतात, आणि मेली की त्यांची चादर काढून दुसरी घालावी लागते. खाटेजवळ बसलेले नातेवाईक विचारायचे, बाई, काही खरं नाही का? आणि मी सरळ सांगायचे. सांगितलेलं बरं असतं, मल्लू. माणूस निदान एकदा हात हातात घेतो.

मी नर्स व्हायला तूच कारणीभूत. हेही लिहायलाच हवं, नाही तर अन्याय होईल. मी विधवा होऊन माहेरी परत आले, तेव्हा सगळी भावकी म्हणत होती की पोरीनं घरात बसून पूजा करावी. सोलापूरला नर्सिंग शिकायला पाठवायचं म्हटल्यावर तर काका ताटावरून उठले होते, परक्याची घाण काढायची का म्हणून. तू माझ्यापेक्षा लहान, मिशी नुकती फुटलेली. तू एवढंच म्हणालास की अक्का जाणार, आणि माझी ट्रंक खांद्यावर घेऊन मोटारीच्या टपावर चढवलीस. सोलापुरात वसतिगृहाच्या दारात मला सोडून परत फिरलास तेव्हा रडत होतास. मी वरच्या खिडकीतून पाहिलं होतं. तुला ठाऊक नव्हतं.

असला माणूस एवढा भित्रा कसा झाला, याचं मला कोडं पडायचं.

आता शरणीचं. तुझ्या हयातीत मी तिचं नाव काढलं की तू उठून जायचास. आता उठून दाखव.

तुमची चार वर्षांची पोर. घटसर्पानं घसा धरला, म्हणून तू आणि काशी तिला घेऊन मोटारीनं धाराशिवला माझ्याकडं आलात. डॉक्टरांनी जे जमेल ते केलं. पण दुखणं फार पुढं गेलेलं होतं आणि ती सकाळी गेली. दुपारी आपण तिला घेऊन मुरुमला परत आलो. साऱ्या वाटेत ती तुझ्या मांडीवर होती आणि तू तिच्या तोंडावरची माशी वारत होतास. मोटार थांबल्यावर तू खाली उतरलास, पोर माझ्या हातात दिलीस, आणि सरळ चालत जाऊन दुकान उघडलंस. मी पोरीला घेऊन घरी गेले. काकांनी आणि स्वामींनी तिला आपल्या मसणवट्यात माती दिली. तू आला नाहीस. तुला बोलवायला गेलेला माणूस परत येऊन म्हणाला, मल्लप्पा गूळ तोलतायत.

त्यानंतर तुझे पंथ सुरू झाले.

आधी आपल्याच स्वामींच्या मठात जाऊन बसायला लागलास. मला वाटलं, चांगलं आहे, बसू दे. वर्षभरानं एकदा धाराशिवला आलास तर गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आपली करडगी, नाही, आणि दारातूनच मला म्हणालास, दंडवत प्रणाम. मी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणालास, आता आपण महानुभाव. आपण म्हणजे कोण, तर तू आणि काशी. माझ्या घरच्या देव्हाऱ्याकडं पाठ करून जेवलास. मी चिडून वाढत राहिले.

तेही दोन-अडीच वर्षं चाललं. मग हुसेनभाईबरोबर दर गुरुवारी दर्ग्याला जायला लागलास. तिथल्या पीरांच्या हातात हात दिलास, दंडाला तावीज बांधलास. गावात कुणी म्हणालं, मल्लप्पा मुसलमान झाला. हुसेनभाईनंच त्यांना सांगितलं की असं काही नाही, तो नुसता येऊन बसतो. तेही सुटलं आणि तू दत्ताच्या भजनाला लागलास. त्यावर मी तुला म्हणाले होते की बरं झालं, दत्ताचा वारही गुरुवारच, दुकानाची सुट्टी बदलायला नको. तू हसलास. तुला राग येत नसे, हाच तर माझा त्रास होता. मी भांडायला उभी राहायचे आणि तू मला शेंगा सोलून द्यायचास.

त्या सालांत आपलं मुरुम जागचं न हलता हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेलं आणि तिथून महाराष्ट्रात आलं. मी गमतीनं लोकांना सांगायचे, आमच्या मल्लूनंही तेच केलंय. किराणा दुकानाच्या गादीवरून न उठता चार मुलखांचा रहिवासी झालाय.

पण आत मला गंमत वाटत नव्हती. माझ्याबरोबर वॉर्डात सुमन आहे, तुला ठाऊक आहे. ती आणि तिचं सगळं घर बौद्ध झालं, तेव्हा मी तिला तुझं सांगितलं होतं. म्हटलं, लोक धर्म का गं बदलतात? माझा भाऊ तर मरणाला भिऊन एका देवाच्या आडून दुसऱ्याच्या आड लपतो. तिला ते लागलं. ती म्हणाली, "बाई, तुमच्या भावाचं नि आमचं एक करू नका. आमी मेल्यावरचं बघाय गेलो न्हाय. आमाला जित्तेपणी मान वर करून चालायचं व्हतं." हे तू आल्यावर तुलाही सांगितलं. म्हटलं, बघ, ही माणसं कशासाठी गेली आणि तू कशासाठी जातोस? तू म्हणालास की तिचं बरोबर आहे. मग मी विचारलं, तुझं काय? तर म्हणालास, माझं आपलं किरकोळ आहे.

किरकोळ! हा तुझा दुकानदारी शब्द ऐकून माझं डोकं फिरलं होतं.

मग तुझे पाय सुजले. वहाणांचे अंगठे सैल करून घेतलेस आणि तसाच महिनोन्‌महिने हिंडलास. काशीनं निरोप पाठवला, म्हणून मी तुला धाराशिवला बोलवून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय फार थकलंय. औषध दिलं, मीठ तोडायला सांगितलं. मी तुला समोरच्या हॉटेलात घेऊन गेले. ते आपलं शेवटचं भांडण. म्हणजे भांडले मी.

मी म्हणाले, "मल्लू, हे बरं व्हायचं दुखणं नाही. औषधानं सूज उतरेल, पण दिवस थोडे आहेत. काशीला सांग. दुकानाचं ठरव. आणि तुला कसं न्यायचं तेही सांगून ठेव. एवढे पंथ केलेस म्हणून विचारते."

तू चहा बशीत ओतलास. "हितं चहा लई गोड करतात, अक्का."

"मी काय बोलते?"

"सगळेच जाणार हायेत की."

"सगळ्यांचं नाही बोलत. तुझं बोलते."

तू बशी खाली ठेवलीस आणि मला सांगायला लागलास की नळदुर्गाकडं कुणी एक साधू आलाय, फार शांत बोलतो, त्याच्याकडं एकदा जाऊन यायचं आहे. तेव्हा माझा तोल गेला. हॉटेलात माणसं होती, तरी मी मोठ्यानं म्हणाले की तू भित्रा आहेस. पोरीला माती द्यायला आला नाहीस, तेव्हापासून पळतोयस. चार गुरू केलेस ते देवासाठी नाहीत, मरण दिसू नये म्हणून डोळ्यांवर ओढून घ्यायला केलेस.

तू दाराबाहेर बघत राहिलास. मग म्हणालास, "असंल."

एवढंच. उठलास, बाहेरच्या गाडीवरून माझ्यासाठी केळी घेतलीस, आणि मुरुमच्या मोटारीत जाऊन बसलास. मोटार हलेपर्यंत खिडकीतून मला विचारत होतास की ड्यूटी रात्रीची आहे का, जेवलीस का.

त्यानंतर तू काशीला काही सांगितलं नाहीस. तिला वाटत होतं, पायाला वात झालाय. दुपारी दुकानात बसल्या जागी तू गेलास, आणि ती धावत आली तेव्हा तिला हे ठाऊकच नव्हतं की असं काही होऊ शकतं. हे मी तुला सहज माफ करणार नाही.

तर अंगणात सगळे मला विचारत होते. स्वामी आणि भजनी मंडळाचे वडीलधारे यांचा आवाज चढायला लागला होता. तेवढ्यात काशी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. माझी ही भावजय चारचौघांत कधी बोललेली मी ऐकली नव्हती. तिनं पदर सावरला आणि स्वामींना म्हणाली, "त्यांला पोरीजवळ ठिवा."

स्वामी म्हणाले, तो तिथं कधी गेला तरी होता का?

"कदीच गेले न्हाईत," काशी म्हणाली. "म्हणून म्हणते. आता तरी जाऊ द्या."

मग कुणी वाद घातला नाही. ती आत गेली आणि तुझी चांदीची करडगी घेऊन आली. तू काढून ठेवलीस तेव्हापासून तिनंच सांभाळली होती. स्वामींनी तुझ्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. महानुभावांच्या दोघांनी लांबून हात जोडले, पण ते माघारी गेले नाहीत, मसणवट्यापर्यंत आले. भजनी मंडळानं वाटभर भजन म्हटलं. हुसेनभाईचं कापड तुझ्या अंगावर होतं आणि खड्डा खणणाऱ्यांत तो पुढं होता. पोरीची जागा काकांनी दाखवली. तिथं मी पहिल्यांदा नीट पाहिलं, मल्लू. तू ज्यांना ज्यांना सोडून आला होतास, त्यांतला एकही तुझ्यावर रागावलेला नव्हता. रागावलेली मी एकटीच.

दुसऱ्या दिवशी काशी चुलीपाशी बसली होती. भजनी मंडळाचीच लाकडं जाळत होती, दारात पडलेली. मी तिला म्हणाले की तुझ्या नवऱ्यानं आयुष्यभर मरणापासून तोंड लपवलं. ती माझ्याकडं अशी बघायला लागली, की जणू मी कुण्या दुसऱ्याच माणसाबद्दल बोलतेय.

मग तिनं सांगितलं. शब्द तिचेच देते, मला जमेल तशी.

शरणीला माती दिल्यावर तिनं जेवण सोडलं होतं. ती तुला रोज एकच विचारायची, पोर आता कुठं असंल? तू किराणा दुकानदार, तू काय सांगणार? तू मठात गेलास. स्वामींना विचारून आलास आणि तिला सांगितलंस, ती शिवात मिसळली. काशीनं विचारलं, "मिसळली म्हंजे हाय का न्हाय?" ते तुला सांगता येईना. मग तू महानुभावांकडं गेलास. तिथून येऊन म्हणालास, देवानं तिला आपल्यापाशी ठेवलंय. त्यावर ती जेवायला लागली. काही दिवस गेले आणि तिला वाटायला लागलं, देवापाशी तिला आईची आठवण येत असंल का? याचं उत्तर तू दर्ग्यातून आणलंस. लहान लेकरं तिथं खेळतात, आणि आईबाप येईपर्यंत दारात उभी राहून वाट बघतात. ते काशीला फार आवडलं. पण पुढं तेच तिला सोसेना. म्हणाली, "एवढी चिमणी पोर, किती वर्सं उभी राहील वो दारात? पाय दुखत नसतील?"

म्हणून तू दत्ताच्या भजनाला गेलास. तिथं ऐकून आलास की ती पुन्हा जन्माला येईल, आलीही असेल. मग काशी मुरुममधल्या प्रत्येक बाळंतिणीच्या घरी पोर बघायला जायला लागली. बोटं बघायची, कान बघायची. बायका तिला बघून पाळण्यावर पदर ओढायला लागल्या. एका घरातून तिला हात धरून बाहेर काढलं. ते कळल्यावर तू तिला घेऊन घरी आलास आणि म्हणालास, ते आपलं चुकलं, मी दुसऱ्या कुणाला तरी विचारतो. नळदुर्गाकडच्या त्या साधूकडं तू त्यासाठी निघाला होतास.

काशी म्हणाली, "त्यांचा कशावरच इस्वास नव्हता, अक्का. मला झोप लागावी म्हणून आणायचे. मलाबी कळत व्हतं. पर ते यिऊन सांगायचे तवा खरं वाटायचं."

मी चुलीत फुंकणी घालून बसले.

तू माझ्याकडून भित्रा म्हणवून घेतलंस, भर हॉटेलात, आणि 'असंल' म्हणालास. चार शब्द बोलला असतास तर काय बिघडलं असतं? अक्का, हे माझ्यासाठी नाही, काशीसाठी आहे. एवढं म्हणायला तुझी जीभ का झडत होती? मी तिची नणंद आहे, परकी बाई नाही. तिच्या दुखण्याची गावात चर्चा होईल म्हणून गप्प बसलास का? की मी सरळ बोलणारी, मी काशीला तोंडावर सांगेन की पोर कुठंच नाही, याची भीती होती? असली तर ती रास्त होती, हेही कबूल करते. आणि तरीही माझा राग आहे.

आणि एक ऐक. यानं तू सुटलास असं समजू नकोस. पोरीच्या मरणासाठी तू गावोगाव विचारत हिंडलास, पण तुझ्या स्वतःच्या मरणाला तू खरोखर भ्यालास. मी नर्स आहे, मला डोळे ओळखता येतात. त्या हॉटेलात तुझ्या डोळ्यांत भीती होती. मला आता वाटतं, ती मरायची नव्हती. तू गेल्यावर काशी तुझ्याबद्दलही तेच विचारणार आणि तिला उत्तर आणून द्यायला कुणी नसणार, याची ती असावी. पण हा माझा तर्क. तू सांगितलं असतंस तर मला तर्क करावा लागला नसता.

तिनं विचारलंच. मी धाराशिवला परत निघाले तेव्हा ती मला सोडायला मोटारीपर्यंत आली. म्हणाली, "अक्का, तुमी एवढी माणसं जाताना बघितलीत. आता ते कुठं असतील?"

इतकी वर्षं मी लोकांना सरळ सांगत आले. तिलाही सरळच सांगितलं. म्हटलं, काशी, मला ठाऊक नाही.

ती रडली नाही. माझ्या हातात भाकरीचं गठुडं दिलं आणि म्हणाली, "बरं. कुणाला तरी विचारून सांगा."

मल्लू, मी रविवारी तिच्याकडं जाते. ती पुन्हा विचारत नाही, पण वाढताना माझ्या तोंडाकडं बघते. स्वामींना विचारून झालं. ते जे म्हणाले ते तिला चालणार नाही, हे मला आधीच ठाऊक होतं. हुसेनभाईला विचारलं तर तो शिलाई थांबवून नुसता डोळे पुसायला लागला.

काल सुट्टी होती. सुमनच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत त्यांचा विहार आहे. तिथं संध्याकाळी म्हातारे एक गृहस्थ बोलतात, असं तिनं सांगितलं होतं. मी तिच्याबरोबर गेले आणि बायकांत मागं बसले. ते जन्ममरणाबद्दल सांगत होते. मला अर्धं कळलं, अर्धं नाही. काशीला सांगण्यासारखं काही आहे का, म्हणून कान देऊन ऐकत राहिले. पुढच्या सुट्टीलाही जाणार आहे.

हसू नकोस.